झाशीतला साडेसहा हजारांचा लिनक्स लॅपटॉप: पहिले तीन आठवडे



मी झाशीतून बोलते आहे. मे महिना आहे, दुपारचे चार वाजलेत, कूलर बंद करून बसले आहे, नाहीतर तुम्हाला माझ्याऐवजी त्याचाच आवाज ऐकू येईल. तेव्हा मुद्द्याचं पटकन बोलते.

माझ्यासमोर हा छोटा लॅपटॉप आहे. साडेअकरा इंची पडदा, वजन सव्वा किलोच्या आसपास, आत पंखा नाही. चार जीबी रॅम, बत्तीस जीबीची साठवण, आणि दोन्ही आतल्या बोर्डावरच बसवलेलं, त्यामुळे पुढे वाढवता येत नाही. जुना आहे. इलाइट चौराह्याजवळच्या दुकानातून साडेसहा हजारांना घेतला. दुकानदार मला म्हणाला, "दीदी, इसमें विंडोज ग्यारह नहीं चलेगा, सोच लो." ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. विंडोज ११ ला निदान ६४ जीबी साठवण लागते, इथे त्याच्या निम्मी. आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. म्हणून तर हे यंत्र इतकं स्वस्त मिळालं. मी म्हटलं, मला लिनक्सच टाकायचं आहे.

आता हा कशाला घेतला ते सांगते, कारण त्याशिवाय "चांगला की वाईट" या प्रश्नाला अर्थ नाही.

माझे बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. रेल्वेतून निवृत्त झाले. आमचं घराणं झाशीत किती पिढ्यांपासून आहे, कोणत्या गल्लीत कोणती मराठी घरं होती, गणपतीत कुणाकडे काय असायचं, कोण कधी ग्वाल्हेरला गेलं, कोण पुण्याला, हे सगळं त्यांनी तीन वह्यांत लिहून ठेवलं आहे. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एका वहीला वाळवी लागली. शेवटची बारा-पंधरा पानं गेली. बाबा काही बोलले नाहीत, पण आठवडाभर त्यांनी वही हातात घेतली नाही.

झाशीच्या वेढ्यात काय झालं हे आपल्याला मराठीत वाचता येतं ते वरसईच्या विष्णुभट गोडश्यांमुळे. ते लिखाण 'माझा प्रवास' म्हणून छापून आलं ते १९०७ साली, म्हणजे वेढ्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. तोवर कागद टिकले म्हणून आपल्यापर्यंत आलं. बाबांच्या वह्या म्हणजे काही 'माझा प्रवास' नाही. पण त्यातली माणसं आणखी कुणी लिहून ठेवलेली नाहीत, हेही खरं.

त्याआधी एकदा आम्ही अठरा पानं बाजारात टाइप करून घेतली होती. तिथला मुलगा हिंदी टाइपिंगवाला. त्याने होळीची होली केली, माळेची माले केली. आणि फाइल दिली ती कृतिदेव फॉन्टमधली. आमच्याकडे बऱ्याच टाइपिंगच्या दुकानांत अजून तोच चालतो. त्यात अडचण अशी की हा युनिकोड नाही. आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी कपडे घालतो. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे उघडलं की सगळी इंग्रजी खिचडी दिसते. पुण्याच्या आतेभावाला पाठवली, तर त्याने विचारलं, "मामांनी हे काय पाठवलंय?"

तेव्हा काम एवढंच होतं. बाबांनी स्वतः मराठीत टाइप करावं, युनिकोडमध्ये करावं, आणि ते कुठेही उघडावं. सिनेमा बघायचा नाही, खेळ खेळायचे नाहीत.

आता पहिला दिवस.

मी डेबियन निवडलं. फुकट आहे, आणि बसवताना भाषांच्या यादीत मराठी आहे. पेनड्राइव्हवर घेऊन बसवलं. पहिलीच अडचण वायफायची. ते ओळखलंच गेलं नाही. तिथे घाबरू नका. फोन यूएसबीच्या केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळतं. मग वायफायचं फर्मवेअर उतरवून घ्यायचं. मला त्यात दीड तास गेला. ज्याला सवय आहे त्याला दहा मिनिटं लागतील. पण ज्याला सवय नाही आणि शेजारी कुणी नाही, तो इथेच लॅपटॉप मिटून ठेवेल, हे मी स्पष्ट सांगते.

डेस्कटॉप मी हलका घेतला, माटे नावाचा. बाबांनी विचारलं, "हे माटे कुठले? पुण्याचे का?" मी म्हटलं, नाही बाबा, दक्षिण अमेरिकेतल्या एका पेयाचं नाव आहे ते, तिकडे चहासारखं पितात. त्यांना फारसं पटलं नाही. अजून ते "माट्यांचं" म्हणूनच बोलतात.

मशीन पुन्हा सुरू झालं आणि मेन्यू मराठीत आला. फाइल, संपादन, मदत, कचरापेटी. बाबांनी चष्मा पुसला आणि जवळ येऊन वाचलं. वर्षानुवर्षं या माणसाने ऑफिसात इंग्रजी आणि हिंदी वापरली. बँक हिंदीत, रेशनकार्ड हिंदीत, फोनही हिंदीत. मराठी घरात, देवापुढे आणि वहीत. ते एवढंच म्हणाले, "याला मराठी येतं?"

मंडळी, इथे थोडं थांबून सांगते, नाहीतर तुमची फसगत होईल. सगळंच मराठीत नाही. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी असं बरंच आहे. मेन्यू मराठी, आतली सूचना इंग्रजी. काही शब्द असे की मराठी वाचून मला आधी मनात इंग्रजी करावं लागलं. कारण ही भाषांतरं मुख्यतः स्वयंसेवक करतात. एखाद्या वर्षी कुणी वेळ दिला तर पुढे जातात, नाही दिला तर थांबतात. तरी लिबरऑफिस मराठीत मिळतं, फायरफॉक्स मराठीत मिळतो. रोजचं काम अडत नाही.

दुसरा दिवस टाइपिंगचा.

मी इन्स्क्रिप्ट मांडणी लावली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. 'के'च्या कळीवर क, 'एन'वर ल, शिफ्ट धरून 'एन' दाबलं की ळ. 'जे'वर र, शिफ्ट धरून 'जे' म्हणजे ऱ, ज्याने दऱ्याखोऱ्यातला ऱ्या लिहिता येतो. हा फरक लहान वाटतो, पण दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचाऱ्यांना जेवण सांगायचं आणि आचार्यांना बोलवायचं, यातही तोच फरक.

बाजारात कीबोर्डचे स्टिकर मिळाले, पण ते हिंदी टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीचे. ते लावले असते तर कळीवर एक अक्षर आणि पडद्यावर दुसरं. शेवटी मी कागदाचे छोटे चौकोन कापले, त्यावर अक्षरं लिहिली आणि पारदर्शक चिकटपट्टीने लावली. दिसायला बालवाडीसारखं दिसतं, पण चालतं.

मग बाबांनी एक चूक दाखवली जी मला दिसलीच नव्हती. म्हणाले, "हा ल आपला नाही. हिंदीतला आहे." खरंच की. मराठी वळणाचा ल आणि श वेगळा असतो. महाराष्ट्र सरकारनेही २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा ही वळणं ठरवून दिली आहेत. युनिकोडमध्ये दोन्हींना क्रमांक एकच, वळण फॉन्टने दाखवायचं असतं. लोहितसारखे काही फॉन्ट असे आहेत की मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली की ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. मी लिबरऑफिसमध्ये दस्तऐवजाची भाषा हिंदीची मराठी केली आणि फॉन्ट बदलला. ल बदलला. बाबा म्हणाले, "हं. आता ठीक आहे."

शुद्धलेखन तपासनीस मात्र आम्ही दुसऱ्याच दिवशी बंद केला. आपल्या भाषेत एका शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय लागतात. घर, घरातला, घरातल्यांनासुद्धा. शब्दकोशात ही सगळी रूपं नसतात, मग बरोबर शब्दाखालीही लाल रेघ. बाबा चिडले, "हा मला मराठी शिकवणार?"

आता वेग आणि ऊन.

सुरू व्हायला साधारण पाऊण मिनिट. लिहिण्याचं काम झटपट. ब्राउझरमध्ये चार-पाच टॅबपर्यंत ठीक, त्यापुढे दम लागतो. व्हिडिओ बघता येतो, पण एकीकडे व्हिडिओ आणि दुसरीकडे काम, असं करू नका. पंखा नसल्यामुळे आवाज शून्य, धूळ आत ओढली जात नाही, हे आमच्या बुंदेलखंडात मोठं सुख आहे. पण पारा पंचेचाळीसवर गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. दुपारी दोन ते पाच तो सुस्त असतो, तसे आम्हीही असतो. गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, उष्णता अडकते. आम्ही पाटावर ठेवतो. बॅटरी जुनी असूनही तीन-साडेतीन तास जाते. वीज गेली तरी बाबांचं पान अर्धवट राहत नाही.

काय जमत नाही तेही सांगते. माझ्या भाचीची एक ऑनलाइन परीक्षा होती, तिचं पर्यवेक्षणाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं निघालं. तिला शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागावा लागला. बाबांच्या पेन्शनीचा हयातीचा दाखला आम्ही फोनवरूनच करतो. जुना प्रिंटर अजून चालू झालेला नाही. छापील मराठी पानाचा फोटो वाचून मजकूर करून देणारं टेसरॅक्ट नावाचं फुकट साधन आहे, ते छापील मजकुरावर बरं चाललं. बाबांच्या हस्ताक्षरापुढे त्याने हात टेकले. वह्या टाइपच कराव्या लागणार. तेव्हा घरात शिकणारं मूल असेल आणि एकच यंत्र घेणार असाल, तर आधी त्याच्या परीक्षेला काय लागतं ते विचारा. मग निर्णय घ्या.

स्वस्त आणि छोटा लिनक्स लॅपटॉप ही काही नवी कल्पना नाही. २००७ मध्ये मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपचा मोठा गाजावाजा झाला होता. किंमत प्रत्यक्षात त्याहून वर गेली, पण ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या शाळेतही आले होते. त्याच वर्षी तैवानचा सात इंची ई-पीसी आला, त्यातही लिनक्स. आणि आमच्या उत्तर प्रदेशात २०१३ मध्ये सरकारने बारावी झालेल्या मुलांना लॅपटॉप वाटले. त्यात विंडोजबरोबर उबुंटूही घालून दिलं होतं. माझ्या ओळखीत ज्या मुलांना ते मिळाले, त्यांच्यापैकी कुणी ते उबुंटू उघडल्याचं मला आठवत नाही. ते वाईट होतं म्हणून नव्हे. शेजारी बसून दाखवणारं कुणी नव्हतं.

माझं तीन आठवड्यांचं मत एवढंच आहे. या यंत्रात पैसे वाचतात, पण वाचलेल्या पैशांची भरपाई वेळेने करावी लागते. माझे पहिल्या आठवड्यात बारा-तेरा तास गेले. वायफाय, कीबोर्ड, फॉन्ट, आणि रोज संध्याकाळी बाबांच्या शेजारी बसणं. तुमच्या घरात एवढा वेळ देणारं कुणी असेल तर साडेसहा हजारांत फार मोठं काम होतं. नसेल, आणि तुम्ही आईवडिलांना लांबून कुरियरने असं यंत्र पाठवून देणार असाल, तर नका पाठवू. ते कपाटात जाईल. सुट्टी काढून या, मग द्या.

बाबांची आजवर एकवीस पानं झाली आहेत. रोज एक, दोन बोटांनी. प्रत्येक पान तीन ठिकाणी ठेवतो: लॅपटॉपमध्ये, पेनड्राइव्हवर आणि पुण्याच्या आतेभावाकडे मेलने. त्याच्याकडे ती नीट उघडतात. वाळवीने खाल्लेली पानं बाबा आता आठवून लिहितायत. परवा एका घराचं नाव आठवेना, तर त्यांनी ग्वाल्हेरला एका जुन्या शेजाऱ्यांना फोन लावला. पाऊण तास बोलत होते. पान त्या दिवशी झालं नाही, पण नाव मिळालं.

तुमच्याकडे अशी वही असेल तर आजच तिच्या पानांचे फोटो काढून ठेवा. लॅपटॉप नंतर घ्या.

येते. नमस्कार.