शाळा बांधताना मुलींनी खेळावे कुठे?



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत असे ठरले, तेव्हा लोणच्यावर बोलावे असे मनात होते. मी सातवीपर्यंत शिकलेली, मोठे विषय मला झेपायचे नाहीत. पण गेले काही महिने आपल्या गल्लीत जे चालले आहे ते सोडून दुसरे काही सुचेना.

आपल्या शाळेची नवी इमारत होत आहे. आनंदच आहे. जुने वर्ग पावसाळ्यात किती गळत, ते आपण पाहिलेच आहे. पण वाळू, खडी, सळ्या सगळे येऊन पडले ते मैदानावर. वर पत्र्याचे कुंपण. पोरे गल्लीत खेळू लागली. चेंडू कुणाच्या खिडकीवर बसला की आपण ओरडतो, मोटारसायकलवाले ओरडतात. जावे कुठे त्यांनी?

तसे कोल्हापूर म्हणजे खेळाचे गाव. शाहू महाराजांचे खासबाग मैदान १९१२ सालापासून आहे. १९५२ साली हेलसिंकीहून पदक आणणारे खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजात शिकले. तेजस्विनी सावंत २०१० साली नेमबाजीत जगज्जेती झाली, आणि २०२४ साली आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला पदक मिळवले. फुटबॉलचे तर विचारूच नका, सामन्याच्या दिवशी आपल्या घरात जेवायलाही कोणी वेळेवर येत नाही! पण शाहू स्टेडियम मोठ्यांच्या सामन्यांना. गांधी मैदानावर सभा, मेरी वेदरवर प्रदर्शने. आणि दहा वर्षांच्या पोरीला एवढी रहदारी ओलांडून एकटी कोण पाठवणार?

मुलगे कुठेही जागा काढतात. घरात बसल्या त्या मुली. माझी धाकटी खो-खो खेळायची, आता मोबाईल घेऊन माडीवर बसते. सासूबाई म्हणाल्या, बरे झाले, उन्हात काळवंडत होती. मी त्यांना उलट बोलले नाही. फक्त २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, तो सामना त्यांना मोबाईलवर दाखवला. शेवटी त्याच टाळ्या वाजवत होत्या. मुलांनी रोज तासभर तरी अंगमेहनत करावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिना चढून माडीवर जाण्याने ती होत नाही.

म्हणून आम्ही चौघींनी देवळामागचे पटांगण मोजून पाहिले. फुटबॉलला शंभर मीटर लागतात, ते सोडा. खो-खोला २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद जागा हवी, तीही बसत नाही. मुलींच्या कबड्डीला १२ बाय ८ पुरते. मात्र तिथे फरशी आहे, पडले की गुडघा फुटणार. तेव्हा फरशीवर लंगडी आणि दोरीवरच्या उड्या, आणि कडेच्या मातीत कबड्डी. पुजारीकाकांनी आरतीच्या आधी उरकायच्या अटीवर होकार दिला आहे. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, पाच ते साडेसहा. दर वेळी दोघींनी तिथे बसायचे. भाजी निवडायला घेऊन आलात तरी चालेल.

आता जरा नाजूक गोष्ट. इमारत झाल्यावर अर्ध्या मैदानात गाड्या लावायची शेड होणार, असे कानावर आले. आम्ही मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांनी नीट ऐकून घेतले, पण हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला काय काय हवे याची यादी आहे, तीत क्रीडांगण आहे. आपल्या अर्जात ते लिहिले आहे. मैदान पूर्वीइतकेच मोकळे ठेवावे, आणि तोवर खडी एका कडेला सरकवून निम्मी जागा संध्याकाळी मुलांना द्यावी, एवढेच मागितले आहे. शंभर सह्या तरी हव्यात. ‘यांना विचारून करते’ असे म्हणणाऱ्यांनी आज रात्रीच विचारावे.

अर्ज दाराजवळच्या टेबलावर आहे, हळदीकुंकू घेऊन जाताना सही करावी. निम्मी जागा मिळाली तर पहिल्या रविवारी सकाळी तिथले खिळे आणि तारांचे तुकडे वेचायचे आहेत. कुणाकडे मोठे लोहचुंबक असेल तर आणावे.