दप्तरातील नोंद आणि नागरिकाचे स्वातंत्र्य



दीक्षान्त समारंभात वक्त्याने पदवीधरांचे अभिनंदन करावे, मातापित्यांच्या व गुरुजनांच्या ऋणाचे त्यांना स्मरण द्यावे आणि राष्ट्रकार्याचे आवाहन करून खाली बसावे, अशी आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. अभिनंदन मी मनःपूर्वक करतो. ऋणाची जाणीव तुम्हाला असणारच. आणि म्हणून उरलेला वेळ मी अशा एका विषयाला देऊ इच्छितो, की जो या क्षणी तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे आणि ज्याच्याशी तुमच्या पुढच्या आयुष्यातील स्वातंत्र्याचा फार निकटचा संबंध येणार आहे.

आपण सोलापुरात जमलो आहोत, तेव्हा आरंभ सोलापुरापासूनच करणे उचित होईल. या शहरातील एका वस्तीला ‘सेटलमेंट’ हे नाव अद्याप चिकटलेले आहे. ब्रिटिश सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 मध्ये त्याची व्याप्ती वाढवून मुंबई इलाख्यासह साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात त्याचा अंमल बसवला, आणि त्या कायद्यान्वये पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा जमातींतील माणसांची नावे, त्यांच्या हातून काही अपराध घडला आहे की नाही याची चौकशी न करता, केवळ जन्माच्या आधारावर सरकारदप्तरी दाखल होऊ लागली. त्यांच्या बोटांचे ठसे घेण्यात आले. ठरलेल्या वेळी पाटलापुढे किंवा पोलिसांपुढे हजेरी द्यावी, परवान्यावाचून हद्द ओलांडू नये, असे निर्बंध त्यांच्यावर लादण्यात आले. आणि ज्यांना सेटलमेंटमध्ये घातले गेले, त्यांच्या वाट्याला काटेरी तारेच्या कुंपणाआडचे वास्तव्य, गिरणीतील काम आणि परतल्यावर पुन्हा हजेरी असा क्रम वर्षानुवर्षे आला. एखादी जमात गुन्हेगार ठरवणाऱ्या जाहीरनाम्याच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही, अशी तरतूद त्या कायद्यातच होती. या व्यवस्थेतील सारेच अधिकारी दुष्ट होते, असे मला वाटत नाही. आपण या लोकांची सुधारणा करीत आहोत, अशी त्यांपैकी कित्येकांची प्रामाणिक समजूत होती, आणि त्यांनी वह्या नीटनेटक्या ठेवल्या. कायदा देशभरात 1952 च्या ऑगस्टमध्ये रद्द झाला. तथापि, सराईत गुन्हेगारांसाठीचा मुंबई राज्याचा कायदा 1959 साली आला, आणि गावात चोरी झाली की तपास प्रथम पारध्याच्या पालाकडे वळावा, ही रीत आजही पुरती सुटलेली नाही. ज्या हुकुमाने नोंद झाली तो हुकूम मागे घेतल्यानंतरही नोंदीने उत्पन्न केलेला संशय दोन-दोन पिढ्या टिकला, ही गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवावी, कारण माझे पुढचे सारे म्हणणे तिच्यावरच आधारलेले आहे.

पाळतीचा प्रश्न स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो उत्तर प्रदेशातील खरकसिंग नावाच्या गृहस्थाच्या निमित्ताने. त्याला 1941 साली दरोड्याच्या एका प्रकरणात अटक झाली होती आणि पुराव्याअभावी तो सुटला होता. असे असूनही पोलिसांनी त्याच्या नावाने हिस्ट्री शीट उघडली, शिपाई रात्री-अपरात्री त्याच्या दारावर धक्के मारून त्याला झोपेतून उठवू लागले, आणि परगावी जायचे झाल्यास कोठे जातो व केव्हा परततो हे त्याने चौकीदाराला सांगावे, असा तगादा त्याच्यामागे लागला. न्यायालयाने 1962 च्या डिसेंबरात रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, परंतु बाकीची पाळत कायम ठेवली, आणि खासगीपणाचा अधिकार आपल्या राज्यघटनेत हमी दिलेला अधिकार नाही, असे बहुमताने सांगितले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. ज्याच्या प्रत्येक हालचालीवर नजर आहे तो माणूस शरीराने हिंडत असला तरी त्याचे ते हिंडणे स्वतंत्र माणसाचे नव्हे, कारण आपण पाहिले जात आहोत या जाणिवेचा दाब त्याच्या मनावर अहोरात्र असतो, असा त्या मताचा आशय होता. आणि माझ्या मते आपल्या न्यायालयीन वाङ्मयातील अत्यंत दूरदर्शी विचारांत त्याची गणना केली पाहिजे.

त्या अल्पमताला न्याय मिळण्यास 55 वर्षे लागली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचाच अंगभूत भाग आहे. त्या पीठात न्यायमूर्ती शरद बोबडे आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे महाराष्ट्राचे दोन सुपुत्र होते. आणि आणीबाणीत, 1976 साली, नागरिकाला न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या ज्या निर्णयावर न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांची स्वाक्षरी होती, तो निर्णय सदोष असल्याचे त्यांच्याच पुत्राने या निकालपत्रात निःसंदिग्ध शब्दांत लिहिले. सत्याशी निष्ठा म्हणजे काय, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने ती पाने अवश्य वाचावीत.

खरकसिंगाला निदान शिपायाच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता. तुमच्या हातातील फोन, तुम्ही कोणाशी बोलत नसतानाही, जवळच्या टॉवरशी पुनःपुन्हा संपर्क साधून आपला ठावठिकाणा कळवीत राहतो, कारण त्यावाचून येणारा कॉल कोणत्या टॉवरकडे धाडावा हे यंत्रणेला समजणार नाही. कोणी कोणाला केव्हा फोन केला, किती वेळ बोलणे झाले आणि कोणत्या टॉवरच्या हद्दीतून झाले, हा तपशील कंपन्यांनी किमान दोन वर्षे जपावा, असा सरकारचा दंडक 2021 च्या डिसेंबरपासून आहे. टोलनाक्यावर फास्टॅग वाचला की गाडी कोठून कोणत्या मिनिटाला गेली याची नोंद होते, चहाचे पैसे यूपीआयने दिले की त्याचीही होते. यांतील प्रत्येक सोय उपयुक्त आहे आणि मी स्वतः त्या सर्व वापरतो. देशातील पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला, आणि ज्या माणसाजवळ आपण कोण आहोत हे सांगणारा एकही कागद नव्हता त्याला तो मिळावा, या हेतूला माझा विरोध असण्याचे कारण नाही. भय वाटते ते या सर्व नोंदी एकत्र जुळवल्या जाण्याचे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या सप्टेंबरात आधारचा कायदा ग्राह्य धरला, पण बँकखाते व मोबाईल क्रमांक त्याच्याशी जोडण्याची सक्ती रद्द केली.

‘माझ्याजवळ लपवण्यासारखे काही नाही, मग मी का भ्यावे?’ असे सज्जन माणसे विचारतात, आणि त्यांच्या सज्जनपणाविषयी मला आदर आहे. परंतु सेटलमेंटमधील बहुसंख्य माणसांजवळही लपवण्यासारखे काही नव्हते. दोष कशाला म्हणावे हे नोंद होणाऱ्याच्या हाती नसते, ते ज्याच्या ताब्यात दप्तर आहे त्याच्या हाती असते, आणि सत्ताधारी पालटले तरी दप्तर तेच राहते. शिवाय ज्याला लपवण्यासारखे काही नाही अशा माणसालाही मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे लागते, कामगार संघटनेच्या सभेला बसावे लागते, लाचखाऊ वरिष्ठाविषयी पत्रकाराला भेटावे लागते. या भेटींची नोंद कोणी तरी वाचील अशी धास्ती निर्माण झाली, की हुकूम न काढताच त्या भेटी थांबतात.

राज्याला पाळतीचा अधिकारच असू नये, असे मी म्हणत नाही. ज्या महाराष्ट्राने 26 नोव्हेंबरची ती रात्र पाहिली त्या महाराष्ट्रात उभे राहून तसे कोणी म्हणू नये. प्रश्न जबाबदारीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दूरध्वनी ऐकण्याबाबत काही मर्यादा घालून दिल्या: हुकूम गृहसचिवाने काढावा, त्याची मुदत दोन महिने आणि वाढवून सहा महिन्यांपलीकडे नसावी, सचिवांच्या समितीने त्याचे पुनरीक्षण करावे. म्हणजे हुकूम काढणारा शासनाचा सचिव, तो तपासणारेही शासनाचे सचिव. न्यायाधीश यात कोठेच नाही, आणि ज्याचे बोलणे ऐकले गेले त्याला मागाहून तसे कळवण्याची सोय नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 22 ऑक्टोबर 2019 रोजी लाचेच्या एका प्रकरणातील असे तीन हुकूम, सार्वजनिक सुरक्षिततेचा काही प्रश्न नसताना काढले गेले म्हणून रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास फर्मावले. पण त्या इसमाला दाद मागता आली ती खटला उभा राहिल्यामुळे. ज्याच्यावर खटला होत नाही, त्याला आपले बोलणे कोणी ऐकले हे कळण्याचा मार्गच नाही. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा येथे उपयोगी पडावा, तर सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचनेद्वारे त्यातून वगळण्याची मुभा आहे, आणि त्याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील कलम अशा रीतीने बदलले आहे की नागरिकाने मागितलेली माहिती ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारणे सोपे व्हावे. हे चूक आहे, आणि ते दुरुस्त व्हावे यासाठी ज्यांना विधीचे शिक्षण मिळाले आहे त्यांनी आपली बुद्धी खर्ची घालावी.

इतरांकडे माझे मागणे याहून साधे आहे. तुमच्यापैकी कोणी संगणक अभियंता होईल, कोणी नायब तहसीलदार, कोणी फौजदार, कोणी बँकेत वा इस्पितळात नोकरीला लागेल, आणि एखाद्या दिवशी तुम्हाला सांगितले जाईल की अर्जात आणखी एक रकाना वाढवा, किंवा ही यादी त्या यादीला जोडून द्या. त्या दिवशी वरिष्ठांना नम्रपणे, पण लेखी विचारा: कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमान्वये, कशासाठी, किती मुदतीपर्यंत, कोणाच्या नजरेस पडेल, आणि नोंद चुकीची निघाली तर ती माणसाने कोणाकडे जाऊन दुरुस्त करून घ्यावी? उत्तर लेखी येईपर्यंत तो रकाना वाढवू नका.