मुंजा : एका नावाचा अर्थ



हातखंब्याहून येणारा रस्ता आपल्या पालीत फुटतो. एक लांज्याकडे वळतो, दुसरा साखरप्यावरून आंबा घाटाकडे जातो. अशा तिठ्यावरच्या गावाला भुतांची ओळख करून द्यायला नको. वेताळ त्यांचा राजा, खवीस दांडगा, समंध दौलतीवर बसलेला. या दरबारात पिंपळावरचा मुंजा म्हणजे अगदीच पोरसवदा मानकरी. २०२४ साली ‘मुंज्या’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कोठे हे पोर थोडे प्रतिष्ठेस चढले. पण त्याच्या नावाचा अर्थ काय?

मुंज हे एक गवत. त्याची मेखला उपनयनात बटूच्या कमरेला बांधायची, म्हणून त्या संस्काराला मौंजीबंधन, बोलीत मुंज. विद्या पुरी झाली की मेखला सोडायची, ती सोडमुंज. या दोहोंच्या मधला मुलगा तो मुंजा. म्हणजे हे मुळात भुताचे नावच नव्हे! ती जिवंत मुलाची एक अवस्था आहे. त्या अवस्थेतच जो गेला, त्याची गाठ सुटायची राहिली आणि तो कायमचा मुंजा झाला.

शास्त्राने ब्राह्मणाच्या मुंजीला आठवे वर्ष सांगितले. त्या वयाची किती मुले देवी, पटकी, हिवतापाने गेली असतील! त्यांची पाळण्यातली नावे गेली. गावाच्या तोंडी एवढे टोपणनाव उरले. बाळंतपणात गेलेल्या स्त्रीला अळवंत म्हणत, तेही असेच. भुतांची ही यादी म्हणजे गावाचे जुने मृत्युनोंदीचे दप्तरच नव्हे काय?

मात्र हे दप्तर अपुरे आहे. ज्यांच्या घरी मुंजच होत नसे त्यांची मुले, आणि सर्वच घरांतल्या मुली, याच साथींत गेल्या. त्यांच्यासाठी हे नाव नव्हते. मेल्यावरही मानपान सुटले नाहीत!

देवीचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ साली सापडला आणि १९८० साली हा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले. हे काम मांत्रिकाने केले नाही. दारोदार हिंडून टोचणाऱ्यांनी केले.

तेव्हा रात्री पिंपळाखालून जाताना भ्यायचे कारण नाही. तेथे कोणी असलेच, तर ते कोणाचे तरी मूल आहे.