लाल जरा राखून

वेळ मोजकाच आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. व्हिडिओ गेममधले स्फोट, जादू, धूर, ठिणग्या रचणाऱ्या आपल्या पोरापोरींना माझं एकच सांगणं असतं: लाल रंग जरा राखून वापरा.

कोल्हापुरी ताट आठवा. तांबडा रस्सा कुठला, पांढरा कुठला, हे कुणी विचारत बसत नाही. वाटी दिसली की जीभ आधीच तयारीत. पण वाढप्यानं भातावर, कोशिंबिरीवर, अगदी श्रीखंडावरही तांबडा कट ओतला तर? दोन घासांत पाहुणा रंगावर भरवसा ठेवायचं सोडून देईल. खेळणाऱ्याचंही तेच होतं. ऐन लढाईत त्याला वाचायला सवड नसते. पायाखालचं वर्तुळ भाजणारं आहे की जखम भरणारं, हे नुसत्या रंगावरून कळायला हवं.

आता कुणी म्हणेल, लाल म्हणजे धोका, हे ठरलेलंच आहे की! कुठे ठरलंय? ‘डायब्लो’मध्ये लाल गोळा म्हणजे तुमचा जीव आणि निळा म्हणजे मंत्रशक्ती. स्टॉकहोमच्या डाइस या स्टुडिओचा २००८ सालचा ‘मिरर्स एज’ घ्या. गच्च्यांवरून धावायचा खेळ. शहर बरंचसं पांढरंशुभ्र आणि ज्या दारातून, ज्या पाइपवरून पुढे जायचं, तेवढंच लाल होतं. रस्त्यावर लाल म्हणजे थांबा. इथे लाल म्हणजे पळा! तरी खेळणाऱ्याला ते चटकन उमगतं, कारण त्या पांढऱ्यावर लाल उधळलेला नाही. म्हणून म्हणतो, राखून वापरा. राखलात तर त्याला हवा तो अर्थ देता येतो.

आणखी एक गोची. चमक यावी म्हणून कणांचे रंग एकमेकांत मिळवतात, त्याला ॲडिटिव्ह ब्लेंडिंग म्हणतात. छान फिका जांभळा निवडलात, एकट्या कणाला तो शोभलाही. पण वीस कण एकावर एक आले की बेरीज होऊन मधोमध पांढराफटक डाग! जांभळा गेला कुठे? आगीचा गोळा नीट रंगवणारा पोटात पिवळसर पांढरा ठेवतो, मग नारिंगी, आणि गडद लाल अगदी कडेला, रश्श्यावर कट तरंगावा तसा. कट कडेलाच शोभतो, बाबांनो. सगळी वाटी कटानं भरू नका.

विषाचं सांगायचं होतं. पाश्चात्त्य खेळांत ते बहुधा हिरवं, जपानी खेळांत पुष्कळदा जांभळं. मग दोन्हीकडच्या लोकांनी खेळायचा गेम असेल तर... जाऊ दे, स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली.

पण हे ऐकाच. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे पुरुष पुष्कळ असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात आठांच्या आसपास. ‘ओव्हरवॉच’मध्ये म्हणूनच शत्रूचा आणि मित्राचा रंग बदलता येतो. तेव्हा नुसत्या रंगावर विसंबू नका. भाजणाऱ्याला टोकं द्या, बरं करणाऱ्याला गोलाई द्या. एक वर उसळू दे, दुसरं हळूहळू तरंगू दे. आज रात्री फोनचा पडदा कृष्णधवल करून स्वतःचाच गेम खेळा. आग कुठली आणि औषध कुठलं हे ओळखता आलं नाही, तर उद्या सकाळी आधी आकार बदला. आणि तो लाल...