स्केप्टा : बिनपरवाना रेडिओनं घडवलेला कलावंत



१५ सप्टेंबर २०१६. लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलो नाट्यगृहात मर्क्युरी पुरस्काराचा निकाल लागायचा होता. वर्षभरात निघालेल्या ब्रिटिश आणि आयरिश कलावंतांच्या अल्बमांतून एकाच अल्बमला मिळणारा हा मानाचा पुरस्कार. त्या वर्षी स्पर्धेत डेव्हिड बोवी यांचा 'ब्लॅकस्टार' होता. तो प्रसिद्ध झाला आणि दोनच दिवसांनी बोवी हे जग सोडून गेले होते, त्यामुळे अनेकांची सहानुभूती त्या बाजूला होती. रेडिओहेडसारखा मातब्बर बँडही यादीत होता. पण पुरस्कार गेला 'कोनिचिवा' या अल्बमला. तो करणारा होता उत्तर लंडनमधल्या टॉटनहॅमचा जोसेफ अडेनुगा. संगीताच्या जगात त्याला स्केप्टा म्हणतात. त्याच्या पाठीशी कुठलीही बडी रेकॉर्ड कंपनी नव्हती. अल्बम काढला होता त्याच्या आणि त्याच्या भावाच्या घरच्या संस्थेनं.

आज मला या स्केप्टाविषयी बोलायचं आहे, आणि ते रेडिओवरून बोलता येतंय याचा विशेष आनंद आहे. कारण हा माणूस घडला तो रेडिओवर. फरक इतकाच, की त्या रेडिओला सरकारी परवाना नव्हता.

स्केप्टाचा जन्म १९८२ चा. आईवडील नायजेरियातून आलेले, चार भावंडांत हा थोरला. टॉटनहॅमच्या मेरिडियन या वसाहतीत, म्हणजे नगरपालिकेनं बांधलेल्या घरांच्या वस्तीत, तो वाढला. तो विशीत आला तेव्हा लंडनच्या अशा वस्त्यांमधून एक नवं संगीत आकार घेत होतं. त्याला नाव पडलं ग्राइम. जंगल आणि गराज या नाच-संगीताच्या आधीच्या प्रकारांतून ते निघालं. लय मिनिटाला सुमारे १४० ठोक्यांची, म्हणजे चांगलीच द्रुत. खाली खर्जातला गुरगुरता बेस, वरती तुटक, धातूसारखे सूर, आणि त्यावर यमकं जुळवत झपाट्यानं बोलणारा एमसी. स्टुडिओ घ्यायला पैसे नव्हते, म्हणून पोरं घरातल्या संगणकावर 'फ्रूटी लूप्स' नावाच्या सॉफ्टवेअरनं चाली बांधायची. काहींनी तर प्लेस्टेशनवरच्या संगीत बनवायच्या खेळातून सुरुवात केली.

चाली झाल्या, पण ऐकवायच्या कुठे? क्लबांची दारं अर्धवटच उघडी होती. २००५ च्या सुमारास लंडन पोलिसांनी '६९६' क्रमांकाचा एक फॉर्म आणला. कार्यक्रमाच्या आयोजकानं प्रत्येक कलाकाराचं नाव, पत्ता, फोन नंबर आधी कळवायचा. संगीत कुठल्या प्रकारचं, आणि एके काळी तर श्रोते कुठल्या वंशाचे, हेही त्यात विचारलेलं असे. या फॉर्मापायी ग्राइमचे कितीतरी कार्यक्रम होऊच शकले नाहीत. या संगीताला आधीपासून खरा आसरा दिला तो पायरेट, म्हणजे बिनपरवाना रेडिओनं.

ही स्टेशनं चालायची कशी, ते ऐकण्यासारखं आहे. एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर चोरून एरिअल बसवायचं. स्टुडिओ मात्र दुसरीकडेच, कुणाच्या तरी रिकाम्या फ्लॅटमध्ये. दोन्हींच्या मध्ये बिनतारी दुवा, म्हणजे तपासनीस आले तरी त्यांच्या हाती एरिअल लागे, स्टुडिओ सुटे. पूर्व लंडनचं रिन्स एफएम १९९४ साली असंच सुरू झालं. त्याच्या संस्थापकांपैकी स्लिमझी या डीजेला २००५ साली न्यायालयानं टॉवर हॅम्लेट्स भागातल्या इमारतींच्या गच्च्यांवर जायला बंदी केली होती. आणि इथे कार्यक्रम करणाऱ्यांना मानधन नसे. उलट स्टेशन चालावं म्हणून तेच वर्गणी भरत.

त्या छोट्या खोलीत एक डीजे तबकड्या फिरवतोय, एकच माइक हातोहात फिरतोय, आणि प्रत्येक एमसीला आठ किंवा सोळा ओळींचा डाव मिळतोय. आपल्याकडे कलगी-तुऱ्यात जसा शाहिरांचा सामना रंगतो, तसाच सामना इथे रंगे. एखादी ओळ जमून गेली, की श्रोते स्टुडिओच्या मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायचे. मिस्ड कॉलचा पाऊस पडला, की डीजे तबकडी मागे फिरवून तोच तुकडा पहिल्यापासून लावी. याला ते रीलोड म्हणतात. कलावंताला याहून रोख दाद कुठली मिळणार! आणि ओळ फसली, तर फोन गप्प. तोही निकालच.

स्केप्टा या शाळेत शिकला. आधी तो डीजे होता, चाली बांधणारा होता. मेरिडियन क्रू हा त्याचा पहिला गट. पुढे वायली या ज्येष्ठ कलावंताच्या रोल डीप गटात तो गेला आणि माइक हातात घेऊन एमसी झाला. २००५ साली त्यानं आणि त्याचा धाकटा भाऊ जेएमई यानं 'बॉय बेटर नो' ही स्वतःची संस्था काढली. तबकड्या स्वतःच काढायच्या, टी-शर्ट छापून स्वतःच विकायचे, असा सगळा कारभार. २००६ साली 'लॉर्ड ऑफ द माइक्स' या डीव्हीडी-मालिकेत बर्मिंगहॅमच्या डेव्हिलमनशी त्याचा सामना झाला. ग्राइमच्या चाहत्यांत त्याची चर्चा आजही होते. २००७ मध्ये पहिला अल्बम आला, २००९ मध्ये दुसरा.

मग आला तो काळ, ज्याबद्दल स्केप्टाचे चाहते फारसं बोलत नाहीत. मला मात्र त्याच्या कारकिर्दीतला तोच सगळ्यात शिकवणारा भाग वाटतो. २०१० च्या आसपास मोठ्या कंपन्यांना ग्राइमच्या पोरांमध्ये पैसा दिसू लागला. अट एकच. लय जरा सौम्य करा, नाचता येईल असं गोड ध्रुपद घाला, चार्टवर चढा. स्केप्टानंही तसं करून पाहिलं. त्याचं 'रेस्क्यू मी' पहिल्या वीस गाण्यांत पोहोचलं. पण त्या गाण्यांत तो स्वतः कुठे होता? ज्यांच्या मिस्ड कॉलवर तो वाढला, ती माणसं त्यात नव्हती. आता दाद द्यायला होते विक्रीचे आकडे, आणि आकडे कधी तबकडी मागे फिरवा असं सांगत नाहीत. पुढे त्यानं यूट्यूबवर कॅमेऱ्यासमोर बसून मनात साचलेलं सगळं मोकळेपणानं सांगितलं. अपयशाची भीती, कायम खालच्या पायरीवर उभं असल्याची भावना, हे सगळं त्यात होतं. त्याच्या पिढीच्या रॅपरांत असं उघड बोलण्याची रीत नव्हती.

२०१४ साली 'दॅट्स नॉट मी' हे गाणं आलं. महागड्या कंपन्यांचे कपडे, उसना थाट, हे माझं नव्हे, असं सांगणारं गाणं. सोबतीला भाऊ जेएमई. लय पुन्हा जुनी, सूर पुन्हा तेच कोरडे आणि धारदार. व्हिडिओला खर्च आला ८० पौंड, आणि तो दिसायलाही जुन्या ग्राइम-डीव्हीडीसारखाच खरखरीत. त्याच व्हिडिओला कृष्णवर्णीय संगीतपरंपरेसाठी दिला जाणारा मोबो पुरस्कार त्या वर्षी मिळाला. श्रोतेहो, कलावंत परत येतो म्हणजे काय, ते इथे दिसतं. स्केप्टा भूतकाळात गेला नाही. ज्यांना त्याची भाषा कळते त्यांच्यासमोर तो पुन्हा उभा राहिला.

२०१५ च्या फेब्रुवारीत ब्रिट या ब्रिटिश संगीत-पुरस्कारांच्या सोहळ्यात अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टनं काळ्या कपड्यांतल्या तरुणांचा मोठा जथा रंगमंचावर आणला. त्यात स्केप्टा आणि ग्राइमचे अनेक कलावंत होते. टीव्हीवर ते पाहून काही प्रेक्षक बिथरले, तक्रारी झाल्या. स्केप्टानं तक्रारीचा तो सूर उचलला आणि 'शटडाउन' या आपल्या गाण्याच्या मध्यभागी तसाच ठेवून दिला. शिव्या दिल्या नाहीत, खुलासा केला नाही. लोकांनी ऐकावं आणि ठरवावं. त्याच वसंतात शोरडिच भागातल्या एका कार पार्कमध्ये त्यानं अगदी ऐन वेळी कार्यक्रम जाहीर केला, आणि शेकडो तरुण तिथे लोटले.

पुढच्या वर्षी मे महिन्यात 'कोनिचिवा' आला आणि ब्रिटिश चार्टवर दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्यात फॅरेल विल्यम्ससारखा अमेरिकेतला बडा कलावंत आहे, पण वायली आहे, ग्राइमचाच एमसी डी डबल ई आहे, बॉय बेटर नोची मंडळी आहेत. म्हणजे जग घरी आलं, पण घर बदललं नाही. मर्क्युरी जाहीर झाला तेव्हा त्याचे आईवडील आणि मित्र रंगमंचावर आले. २००३ मध्ये ग्राइमच्याच डिझी रास्कलला हा पुरस्कार मिळाला होता. त्यानंतर ग्राइमला तो मिळायला १३ वर्षं जावी लागली.

त्यानंतर वाट रुंद झाली. २०१७ मध्ये स्टॉर्म्झीचा अल्बम ब्रिटिश चार्टवर पहिल्या क्रमांकावर पोहोचणारा पहिला ग्राइम अल्बम ठरला. २०१९ मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवातल्या मुख्य रंगमंचाची रात्र स्टॉर्म्झीनंच गाजवली. २०१७ च्या नोव्हेंबरात पोलिसांनी तो '६९६' फॉर्म रद्द केला. रिन्स एफएमला तर २०१० सालीच परवाना मिळाला होता. स्केप्टाची बहीण ज्युली अडेनुगा रिन्सवर निवेदिका होती. २०१५ मध्ये अॅपलनं जगभर ऐकू जाणारं रेडिओ स्टेशन काढलं, तेव्हा त्याच्या पहिल्या तीन निवेदकांत तिची निवड झाली.

स्केप्टाचं पुढचं वागणंही, जग घरी आलं तरी घर बदलायचं नाही, याच सूत्राला धरून आहे. ब्रिटिश सरकारचा एमबीई हा किताब आपण नाकारल्याचं त्यानं एका गाण्यातून सांगितलं. पण २०१८ साली नायजेरियाच्या ओगुन राज्यात, त्याच्या पूर्वजांच्या ओडो-आजे गावानं त्याला सरदारकीचा मान दिला, तो त्यानं तिथे जाऊन स्वीकारला. त्यानं चित्रकलाही हाती घेतली. २०२२ मध्ये 'मामा गोज टू मार्केट' हे त्याचं चित्र सदबीजच्या लिलावात विकलं गेलं.

पुष्कळ लोक त्याची गोष्ट गरिबीतून श्रीमंतीकडे गेलेल्या मुलाची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती अपुरी वाटते. त्याच्या वस्तीत हुशार मुलं खूप होती. त्यांच्यापैकी इतक्या जणांची भाषा घासून-पुसून लखलखीत झाली, कारण रोज रात्री त्यांच्यासमोर माइक होता, आणि पलीकडे ताबडतोब खरं सांगणारा श्रोता होता. या दोन्ही गोष्टी त्यांना कायदा मोडून मिळवाव्या लागल्या, हा त्या समाजाच्या व्यवस्थेचा दोष आहे. मुलांचा नाही.

म्हणून शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या हाती शाळेचं व्यासपीठ असेल, महाविद्यालयाचं सामुदायिक रेडिओ केंद्र असेल, गावातल्या उत्सवाचा मंडप असेल. तिथे आठवड्यातून एक तास तरी वस्तीतल्या मुलांना त्यांच्या स्वतःच्या बोलीत बोलू द्या, गाऊ द्या. आणि त्यांचं ऐकायला स्वतः समोर बसा. जमलं तर लगेच दाद द्या, फसलं तर तेही तोंडावर सांगा.