आधी कठडा, मग मजला
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षावासात आपण ज्या वृद्धाश्रमात भोजनदान करतो, त्याची आता दुरुस्ती आणि वाढ होणार आहे. आपल्या वस्तीतूनही दान जमत आहे. वर मजला चढवून खाटा वाढवायच्या, असा विचार आहे. विचार चांगला आहे. पण आज जे तिथे राहतात, त्यांचा दिवस कसा जातो हे आधी बघा, एवढेच मला सांगायचे आहे.

तिथल्या एक आजी संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. का? रात्री संडासाला जायचे तर मध्ये उंच उंबरठा, लादी ओली, दिवा नाही, धरायला काही नाही. पडले, खुबा मोडला, तर माझे कोण करणार, असे त्या म्हणतात. म्हणून तहान मारतात. बंधू-भगिनींनो, वरच्या मजल्याने ही तहान भागणार आहे काय?

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात जीवक वैद्यांची हकीकत आहे. वैशालीत भिक्खूंच्या प्रकृती बिघडलेल्या पाहून त्यांनी भगवंतांना विनंती केली, की चालण्यासाठी चंक्रमण आणि जंताघर, म्हणजे शेक घेण्याचे स्नानगृह, असू द्यावे. भगवंतांनी अनुमती दिली. चंक्रमणाची जमीन उंचसखल निघाली, तर ती सपाट करायला सांगितली. चढायला त्रास होऊ लागला, तर पायऱ्या दिल्या. चढताना भिक्खू पडू लागले, तर धरायला कठडा दिला. सहन करा, असे म्हणून कुणाला परत पाठवले नाही.

मग आपणही तेच मागू या. संडासात कमोड आणि भिंतीत पक्के बसवलेले दांडे. न घसरणारी लादी. रात्रभर मंद दिवा. व्हीलचेअर जाईल असे तीन फुटी दार. पायरीच्या जोडीला उतार, तोही एक फूट उंचीला बारा फूट लांब. आखूड केला तर खुर्ची ढकलवत नाही. खाटेजवळ प्रत्येकाचे कुलपाचे कपाट. चालायला सावलीचा व्हरांडा. आणि काम एकेका खोलीचे काढा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना धुळीत झोपावे लागणार नाही.

कुणी म्हणेल, आईबाप घरीच सांभाळावेत, आश्रम कशाला? सांभाळलेच पाहिजेत. २००७ च्या कायद्यानेही ती मुलांची जबाबदारी ठरवली आहे. पण ज्यांना कुणीच नाही त्यांचे काय? प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम असावा, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. खाटा लागणारच आहेत. पण आधी कठडा, मग मजला.

माझी समितीला विनंती आहे, की नकाशा पक्का होण्याआधी महिला मंडळाच्या दोघी-तिघींनी तिथे जाऊन प्रत्येक आजी-आजोबांना विचारावे, तुम्हाला कुठे अडते? ते सांगतील, तिथूनच काम सुरू करावे. देणगीदारांच्या पाटीवर आपले नाव आले नाही तरी चालेल. त्या आजींनी रात्री निर्धास्तपणे पेलाभर पाणी प्यावे, म्हणजे आपले दान पोचले.

जय भीम! नमो बुद्धाय!