खिशातील तोफ
(एका तालुक्याच्या गावी भरलेल्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या व्यासपीठावर काल ज्ञानेश्वरीतील शांतरसाचे विवेचन झाले आणि उद्या उसाच्या पाण्याचा हिशेब मांडला जाणार आहे, त्या व्यासपीठावर मध्येच उभे राहून, दिवसभर तापलेली फरशी अजून निवलेली नाही अशा या वैशाखातल्या संध्याकाळी, आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरविषयी बोलण्याचा प्रसंग माझ्यावर यावा, याचे आपल्याइतकेच मलाही नवल वाटत आहे. दोष असेलच तर तो चिटणीसांचा. त्यांनी विषय विचारला तेव्हा मी थट्टेने उत्तर दिले आणि त्यांनी ते पत्रिकेत छापून टाकले. तथापि ज्याच्या आयुष्याची तेहतीस वर्षे शस्त्रदुरुस्तीच्या कर्मशाळेत, तेल आणि कानस यांच्या संगतीत गेली, त्याने शांतरसावर बोलण्यापेक्षा आपल्या धंद्यावर बोलावे, हेच श्रोत्यांच्या दृष्टीने कमी धोक्याचे.

विषयाचे मूळ एका प्रश्नात आहे. मजुरांचा पगार रोखीने घेऊन आडवाटेने जावे लागते, या सबबीवर ज्यांची हत्याराच्या परवान्याची दरखास्त बऱ्याच खेपांनंतर मंजूर झाली होती, असे आमच्या ओळखीचे एक कंत्राटदार एके दिवशी काखेत एक गुळगुळीत अमेरिकन सूचिपत्र घेऊन माझ्याकडे आले आणि खुर्चीवर टेकण्यापूर्वीच म्हणाले, "काका, अंगाने सगळ्यांत लहान आणि तोंडाने सगळ्यांत मोठे, असे यातले कुठले?" त्यांचे बोट ज्या चित्रावर होते ते हत्यार त्यांना या जन्मी मिळण्याजोगे नव्हते. लिटनसाहेबांच्या अमदानीत १८७८ साली या देशातील प्रजेचे हात रिकामे करणारा जो कायदा झाला, त्याच्या जागी स्वतंत्र भारताने १९५९ साली आपला कायदा केला खरा, परंतु ९ मिलिमीटर, .३८ आणि .४५५ ही सैन्याची व पोलिसांची मापे सामान्य नागरिकाला निषिद्धच राहिली, परदेशी हत्यार बाहेरून मागवण्याची वाटही बंद झाली, आणि परवानाधारकाच्या वाट्याला मुख्यत्वे आले ते सरकारी कारखान्यातले .३२ मापाचे रिव्हॉल्व्हर. म्हणून कंत्राटदारांचा प्रश्न व्यवहाराचा नव्हता; पण तो इतका जुना आणि इतका मनुष्यस्वभावाला धरून होता, की त्याच्या मागोमाग आपण थोडे बर्मिंगहॅमपर्यंत जाऊन येऊ.

बर्मिंगहॅमच्या फिलिप वेब्ली आणि पुत्र या कारखान्याने १८७२ साली 'ब्रिटिश बुलडॉग' नावाचे रिव्हॉल्व्हर विक्रीस काढले. अडीच इंचांची नळी, पाच घरांचा फिरता दंडगोल, पोपटाच्या चोचीसारखी वळलेली आखूड मूठ. आणि एवढ्याशा देहाच्या तोंडाचे माप मात्र .४४२ किंवा .४५०, म्हणजे त्या काळच्या मोठ्या पोलिसी रिव्हॉल्व्हरचेच. चपट्या नाकाच्या, आडव्या छातीच्या कुत्र्याचे नाव त्याला दिले ते समर्पकच होते. लीज शहरातील बेल्जियन कारागिरांनी आणि पुढे अमेरिकन कारखान्यांनी त्याच्या इतक्या नकला केल्या, की आज जुन्या सामानात 'बुलडॉग' म्हणून जे निघते ते वेब्लीच्या हातचे असेलच असा भरवसा कोणी देऊ नये. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हे हत्यार विशिष्ट पोशाखासाठी जन्माला आले. जाड लोकरी कोट आणि त्याला खोल खिसा, ही त्याची गृहीत धरलेली जागा. धोतर-सदऱ्याच्या, किंवा आजच्या पातळ सुती शर्टाच्या माणसाने ते कोठे ठेवावे, याचा विचार वेब्लीच्या कारखान्यात कोणी केला असण्याचे कारण नव्हते. आणि अर्धा-पाऊण किलो लोखंड ज्या खिशात असते तो खिसा ते लपवीत नाही, उलट चारचौघांत त्याची दवंडी पिटतो.

परंतु तोंड मोठे का ठेवले? येथे थोडे पदार्थविज्ञान आले, ते क्षमा करून ऐकावे. गोळीला वेग येतो तो पेटलेल्या दारूचा वायू तिला नळीभर ढकलीत नेतो म्हणून. नळी आखूड केली की ढकलण्याचे अंतर घटते, वायूचा पुष्कळसा जोर तोंडाबाहेर ज्वाळा आणि आवाज होऊन वाया जातो, आणि गोळी अर्धवट धावत निघते. म्हणजे खिशात मावण्यासाठी नळी कापली, की वेगाला कात्री लागलीच. गोळीचा व्यास आणि तिचे वजन यांना मात्र ही कात्री लागत नाही. चौदा ग्रॅमची गोळी अडीच इंचांच्या नळीतूनही चौदा ग्रॅमचीच निघते. काळ्या दारूच्या त्या काळात, जेव्हा सेकंदाला सातशे फूट हाही बरा वेग समजला जाई, तेव्हा गमावलेल्या वेगाची भरपाई वजनाने करावी हा विचार अडाणी नव्हता. किंबहुना आखूड नळीला मोठे तोंड लावण्याच्या बाजूने आजवर जे जे युक्तिवाद झाले, त्यांपैकी माझ्या मते सशास्त्र असा हा एकच.

बाकीचे युक्तिवाद माणूस 'आडवा पाडण्या'चे असतात. त्यांच्याविषयी बोलण्याआधी वॉशिंग्टनमधील रेल्वे स्थानकाची एक हकीकत सांगितली पाहिजे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर चार्ल्स गिटो नावाच्या, सरकारी नेमणूक न मिळाल्याने बिथरलेल्या इसमाने पाठीमागून दोन गोळ्या झाडल्या, त्या याच बुलडॉग जातीच्या रिव्हॉल्व्हरमधून. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत शिरली. अंतर अगदी हातभराचे, तोंड मोठे, गोळी जड. सूचिपत्रातल्या भाषेप्रमाणे पाहता काम तात्काळ तमाम व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात अध्यक्ष एकोणऐंशी दिवस जगले. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत्-यंत्र आणून शरीरातील गोळी शोधण्याचा प्रयत्न केला, वैद्यांनी न धुतलेली बोटे आणि सळ्या जखमेत पुन्हा पुन्हा घातल्या, आणि १९ सप्टेंबरला जो मृत्यू आला त्यात गोळीइतकाच वाटा त्या बोटांनी आत नेलेल्या विषाचा होता, असे आज बहुतेक वैद्यकीय इतिहासकार मानतात. मोठ्या व्यासाने मनुष्य जागच्या जागी थांबतो, हा सिद्धांत या एका प्रकरणाने खोटा ठरत नाही. एका प्रकरणाने कोणताच सिद्धांत खोटा किंवा खरा ठरू नये. पण ज्याला संकटाच्या क्षणी समोरचा मनुष्य तत्क्षणी थांबवावयाचा आहे, त्याने हे एकोणऐंशी दिवस विसरू नयेत.

पुढे फिलिपाइन बेटांतील लढायांत अमेरिकन सैन्याला आपले .३८ मापाचे रिव्हॉल्व्हर अपुरे वाटू लागले, तेव्हा १९०४ साली थॉम्प्सन नावाचे लष्करी अधिकारी आणि लागार्ड नावाचे लष्करी वैद्य यांची चौकशी बसली. त्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर आणि मानवी प्रेतांवर निरनिराळ्या गोळ्या झाडून पाहिल्या आणि लष्करी पिस्तुलाचे तोंड .४५ पेक्षा लहान नसावे असा निवाडा दिला. त्या निवाड्यावर पुढे अख्खे वाङ्मय उभे राहिले. मी तो अहवाल एकाहून अधिक वेळा वाचला आहे, आणि दर वेळी मला असे वाटले, की प्रयोग थोडे होते, निष्कर्ष मोठा होता, आणि निष्कर्ष बहुधा प्रयोगांच्या आधीच ठरलेला होता. जिवंत, घाबरलेल्या किंवा संतापलेल्या मनुष्याविषयी दाव्याला बांधलेला बैल काय साक्ष देणार?

आता कंत्राटदारांचे बोट ज्या चित्रावर होते त्याकडे येऊ. १९०७ साली स्मिथ आणि वेसन कारखान्याने .४४ स्पेशल नावाचे काडतूस आणले, ते मोठ्या, जाड अंगाच्या रिव्हॉल्व्हरसाठी. (ही मापांची नावे शब्दशः घेऊ नयेत; .४४ ची गोळी मोजली तर ०.४३ इंचच भरते, आणि .३८ ची ०.३६ च्याही आतच.) हेच काडतूस खिशातल्या हत्यारात घालण्याचे धाडस १९७३ साली कनेक्टिकट राज्यातील चार्टर आर्म्स या कारखान्याने केले आणि जुनेच नाव पुन्हा उचलले: बुलडॉग. तीन इंचांची नळी, पाच घरे, वजन एकोणीस औंस, म्हणजे साधारण ५४० ग्रॅम. १९७६-७७ साली न्यूयॉर्क शहराला वर्षभर भयभीत करणाऱ्या एका खुन्याच्या हाती हेच निघाले, त्यामुळे त्याला अपकीर्तीही मिळाली. तो भाग सोडून देऊ.

कारागीर म्हणून मला त्यातील पाच घरांची योजना फार आवडते. दंडगोलाला सहा घरे असली, की जे घर नळीसमोर येते त्याच्या बरोबर उलट बाजूस, तळाशी, दुसरे घर येते. आणि दंडगोल जागेवर अडकवून धरणारी खीळ तळाशीच असेल, तर तिची खाच नेमकी त्या घराच्या पातळ भिंतीवर कोरावी लागते. घरे पाच केली, की खाच दोन घरांच्या मधल्या जाड धातूत पडते. एक गोळी कमी केल्याने दंडगोल लहान झाला आणि वर जेथे दुबळा असता तेथेच बळकट झाला. असल्या हिशेबाला मी काव्य म्हणतो. शांतरसावरील कालच्या वक्त्यांनी राग मानू नये.

परंतु ज्या देवाणघेवाणीत इतका लाभ दिसतो तिची किंमत कोणीतरी चुकती करतच असते, आणि येथे ती करतो मनगट. पहिल्या महायुद्धात इंग्रज सैन्याने वापरलेले सहा इंची नळीचे .४५५ वेब्ली आणि हे बुलडॉग यांची तुलना करा. दोघांतून सुटणाऱ्या गोळीचा आवेग जवळजवळ सारखा. पण वेब्लीचे वजन एक किलोच्या वर, याचे त्याच्या निम्मे. आवेग तोच आणि वजन निम्मे, म्हणजे मागे येण्याचा वेग दुप्पट आणि तळहातावर आदळणारी ऊर्जाही दुप्पट. त्यातच मूठ खिशासाठी आखूड केलेली, म्हणजे करंगळीला जागा नाही. हाताची पकड अपुरी आणि धक्का दुप्पट. मूठ मोठी, रबरी करावी तर धक्का सोसतो, पण लहानपणाचा उद्देशच मागे पडतो. शिवाय असल्या हलक्या हत्यारात एक खोड असते: धक्क्याच्या झटक्याने दंडगोलातील न झाडलेल्या काडतुसांच्या गोळ्या आपापल्या पितळी नळकांड्यांतून थोड्या पुढे सरकतात, आणि एखादी पुरेशी सरकली की दंडगोल फिरेनासा होतो. चापावर बोट दाबले जाते आणि काही घडत नाही. ज्या क्षणासाठी हत्यार बाळगले त्याच क्षणी.

माझ्या हाताखालून दुरुस्तीला गेलेली अनेक लहान अंगाची, मोठ्या तोंडाची हत्यारे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याविषयी माझे एकच निरीक्षण सांगतो: ती जवळजवळ नवी असत. नळीतील आटे धारदार, घोड्याची धार शाबूत, मुठीवर घामाचा डागही नाही. मालकाने पहिल्या दिवशी पाच गोळ्या उडवल्या, हात झिणझिणला, आणि त्यानंतर ते कपाटात गेले. ज्या हत्याराने सराव करवत नाही त्या हत्याराने नेम धरता येत नाही, आणि नेम चुकलेली मोठी गोळी ही नेम चुकलेल्या लहान गोळीपेक्षा रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाला अधिक घातक. १९८६ च्या एप्रिलमध्ये मायामीत आपली दोन माणसे गमावल्यावर अमेरिकेच्या संघीय तपास खात्याने या सर्व प्रश्नाचा नव्याने विचार केला, आणि १९८९ साली निघालेल्या त्यांच्या टिपणात गोळी कोठे लागते व किती खोल जाते या दोन गोष्टींना अग्रस्थान मिळाले; व्यासाचा क्रमांक त्यांच्या नंतरचा.

तेव्हा कंत्राटदारांना मी जे सांगितले ते असे, की सूचिपत्र मिटवा आणि निवड उलट्या टोकापासून करा. आधी आपला हात पाहा: तीन बोटे मुठीवर पुरती बसतात का, आणि घोडा न ओढता नुसत्या चापाने, त्याचा सगळा जडपणा सोसून, नेमाची माशी न हलवता दंडगोल फिरवता येतो का. मग वजन पाहा, आणि जेवढे दिवसभर अंगावर वागवाल त्यात सर्वांत जड ते घ्या, कारण वजन हा धक्क्यावरचा सर्वांत स्वस्त उतारा आहे. तोंडाचे माप सर्वांच्या शेवटी. हाताला आणि वजनाला जे सोसेल ते, आणि आपल्या देशात तर कायद्याला जे सोसेल ते. अमेरिकेत असता तर तुम्हांला मी .४४ चा बुलडॉग नको म्हणालो असतो आणि पोलादी अंगाचे .३८ घ्या म्हणालो असतो. येथे .३२ मिळते, त्याला कमी लेखू नका. आणि परवाना हाती असला तरी स्वसंरक्षणाच्या हक्काला कायद्याने मर्यादा घातलेली आहे: संकट निवारण्यास आवश्यक तेवढीच इजा, त्याहून अधिक नाही. रोख रक्कम सोडून देऊन गाडी पळवता येत असेल तर गाडी पळवा.

ते थोडे हिरमुसले. पण सूचिपत्र माझ्या टेबलावर ठेवून गेले, आणि दोन महिन्यांनी कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ घेऊन दाखवायला आले. गोळीबाराच्या मैदानावर महिन्यातून एकदा जातात, असेही त्यांनी सांगितले, आणि हातावरच्या खुणा पाहता ते खरे असावे. त्यानंतर मजुरांचे पगार बँकेतून परस्पर जाऊ लागले. त्या रिव्हॉल्व्हरचा प्रवास आता निवडणुका जाहीर झाल्या की पोलिस ठाण्यात जमा होण्यापुरता आणि निकाल लागल्यावर घरी परतण्यापुरता उरला आहे. गेल्या खेपेस पावती घेऊन ते सोडवून आणायला त्यांच्याबरोबर मीच गेलो होतो.